बाराव्या पानाचा डिंक

सांगलीच्या खांबेटेबाई बालसाहित्याच्या एजंट. पसंत पडलेली हस्तलिखितं त्या प्रकाशकांकडे धाडत. निगुडकरसाहेब म्हणजे शाळांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्या ‘सद्गुणी सदानंद’च्या गोष्टी बाईंनी साभार परत केल्या, तसे साहेब वही घेऊन भर कचेरीत थडकले.

“न वाचताच परत? बारावं नि तेरावं पान मी डिंकानं चिकटवून ठेवलं होतं. बघा, तस्संच आहे! आता तुमच्या लेखकांचं एक पुस्तक शाळेत जातं का, तेच बघतो!”

तिथं बसलेल्या चार लेखकांचे चेहरे उतरले. बाईंनी पान नखानं खरवडून पाहिलं.

“पक्का आहे हो डिंक. कधी लावलात?”

“वही लिहून झाली त्याच दिवशी! सहा महिने झाले.”

बाईंनी वहीसोबत आलेलं साहेबांचंच पत्र काढून मोठ्यानं वाचलं. “‘माझी नातवंडं रोज हीच वही पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेतात.’ साहेब, अकराव्या पानावर मला जांभई आली, कबूल. पण सहा महिन्यांत तुमच्या घरीही बारावं पान कुणी मागितलेलं दिसत नाही. मी तरी दुसरं काय बघते? पोरं पुढचं पान मागतात का, एवढंच!”

साहेबांनी वही काखोटीला मारली. समितीचं नाव काही त्यांनी पुन्हा काढलं नाही.