लिदियाची चाल

"मग ती चाल आज गाऊ, की टाकून देऊ, बुवा?"

शाणूबुवा अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"कुठली चाल रे?"

"बाबांची... म्हणजे, आजवर बाबांची समजत होतो ती."

उल्हासने पिशवीतून एक जुनी तबकडी काढून बुवांच्या चटईवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच म्हणायची.

उल्हास वेरेकर फोंड्याला शाळामास्तर होता आणि बारा वर्षं शाणूबुवांकडे गाणं शिकत होता. गळा गोड, मेहनत दांडगी. त्याचे वडील रामनाथ वेरेकर गोवामुक्तीच्या लढ्यात पकडले गेले आणि आग्वादच्या तुरुंगात त्यांनी चार वर्षं काढली. शाणूबुवाही त्याच बराकीत होते. उल्हासला बापाचा अभिमान होता. अभिमान असायलाच हवा, पण याचा अभिमान बापाहूनही चार बोटं उंच झाला होता.

तुरुंगातून सुटून आल्यावर रामनाथबाब रोज सकाळी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींना पाणी सोडताना एक चाल गुणगुणत. शब्द नसत, नुसती चाल. ते गेल्यावर उल्हासने ती एका अभंगाला लावली. पाच वर्षं तो दर पुण्यतिथीला गावच्या देवळात तो अभंग गात होता. गाण्याआधी कानाच्या पाळीला हात लावून सांगायचा, "ही चाल माझ्या वडिलांनी आग्वादच्या तुरुंगात बांधली." ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. उल्हासचेही पाणावत, आणि त्याला ते आवडायचंसुद्धा.

आज सहावी पुण्यतिथी होती. संध्याकाळी देवळात बैठक ठरली होती.

"शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो होतो," उल्हास म्हणाला. "जुन्या सामानाच्या दुकानात ग्रामोफोन चालू होता. ऐकलं आणि तिथेच थांबलो. सूर न् सूर तीच चाल, बुवा! पाखल्यांच्या, पोर्तुगीज भाषेत. कुठल्या तरी लिदिया सार्मेंत नावाच्या नटीची. सिनेमात ती परटीण झालीय म्हणे, गच्चीवर चादरी वाळत घालता घालता नाचते आणि गाते."

"हं."

"मागे फोटो बघा."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. तबकडीच्या वेष्टनावर ती नटी एका समारंभात गात होती. समोरच्या रांगेत काळे कोट घातलेले मंत्री टाळ्या वाजवत होते.

"त्या हुकूमशहा सालाझारचे मंत्री!" उल्हासचा आवाज चढला. "तुम्हांला इथे उलटं टांगून मारत होते, तेव्हा ही त्यांच्यापुढे गात होती. एक शब्द बोलली नाही कधी."

"नसेल बोलली."

"म्हणजे तुम्हांला पटतं ना?"

"पटतं की. खरंच आहे ते."

उल्हासला थोडा धीर आला. गुरूने आता म्हणावं, टाकून दे. मग टाकायला तो मोकळा.

बुवा फोटोकडे बघत राहिले...

"चाल कशी आहे?"

"कशी म्हणजे?"

"चांगली आहे की वाईट?"

शुक्रवारपासून उल्हासने ती तबकडी चोवीस वेळा लावली होती. दार बंद करून. पहिल्या दोन-तीन वेळा रागाने, खात्री करून घ्यायला म्हणून. पुढच्या वेळी का लावली, ते त्याचं त्यालाच सांगता येईना. तिसऱ्या ओळीला ती बाई एक श्वास मोडून हसते आणि तिथूनच पुढचा सूर उचलते. त्या जागेसाठी त्याचा जीव कासावीस व्हायचा. हे गुरूपुढे कसं कबूल करणार?

"चांगली आहे," तो खाली मान घालून म्हणाला.

"मग गा."

"आणि लोकांना काय सांगू? पाच वर्षं सांगत आलोय, बाबांनी बांधली म्हणून."

"रामनाथानं तसं सांगितलं होतं तुला?"

"नाही... मीच धरून चाललो."

मग एकाएकी त्याच्या ध्यानात आलं, तबकडी बघून बुवांना जराही नवल वाटलं नव्हतं, आणि तो उसळला. "पण तुम्ही! तुम्ही पाचही वर्षं पहिल्या रांगेत बसलात. तुम्हांला ठाऊक होतं ही चाल कुणाची ते. मला एकदाही सांगितलं नाहीत!"

"तू विचारलं होतंस कधी? तू तर आम्हांलाच सांगत होतास."



बुवांनी पुन्हा सुपारी घेतली. "पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं होतं?"

"चाल ज्याची, त्याचं नाव घ्यायचं. कानाला हात लावून. मगच गायचं."

"मग झालं तर."

"तिचं नाव घेऊ? देवळात? बाबांच्या फोटोसमोर, कानाला हात लावून?"

अडकित्त्याचा आवाज तेवढा येत राहिला... कट्... कट्...

संध्याकाळी देवळाचा मंडप भरला. पहिल्या रांगेत शाणूबुवा बसले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्याच बराकीतले दोन म्हातारे सोबती, सगुणबाब आणि मिंगेलबाब. मिंगेलबाब दर वर्षी मडगावहून बसने यायचे, चपला पायरीखाली काढून ठेवायचे आणि रामनाथच्या फोटोला फुलं वाहायचे.

उल्हासने तंबोरा जुळवला. तो पुन्हा जुळवला. खरं तर पहिल्याच वेळी जुळला होता.

दुसरा एखादा अभंग गाऊन वेळ मारून नेता आली असती. कुणाला कळलंही नसतं. पण समोर बुवा बसले होते, आणि त्यांच्यापुढे खोटं बोलायची त्याची छाती होईना.

त्याने कानाच्या पाळीला हात लावला.

"ही चाल माझ्या वडिलांनी बांधलेली नाही," तो म्हणाला. "मी चुकीचं सांगत आलो. ती लिदिया सार्मेंत या पोर्तुगीज नटीच्या सिनेमातली आहे. वडिलांनी ती आग्वादला ऐकली असावी. आज तिचं नाव घेऊन गातो."

मंडपात कुजबूज सुरू झाली. मागून कुणी तरी म्हणालं, "किते म्हणटा हो?" उल्हासचे कान तापले. पण तबल्यावर ठेका सुरू झाला होता, आणि त्याने पहिली ओळ उचलली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले तिन्ही म्हातारे उठले.

गुडघ्यांवर हात टेकत, एकमेकांना सावरत ते उठले, मंडपाच्या भिंतीपाशी गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून रांगेत उभे राहिले. आणि तिघांनीही दोन्ही कानांत बोटं घातली.

मागच्या रांगांतली माणसं माना उंचावून बघू लागली.

उल्हासला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. ज्यांनी नाव घ्यायला लावलं, त्यांनीच भरल्या सभेत पाठ फिरवली! तबलजीने त्याच्याकडे पाहिलं. थांबू? उल्हासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थांबणार नाही, गाईनच, असं मनाशी म्हणत त्याने दुसरी ओळ रागानेच घेतली.

आणि मग त्याला मिंगेलबाबांची टाच दिसली. अनवाणी टाच, फरशीवर ठेका धरत होती. समेला अचूक पडत होती.

शेजारी सगुणबाबांची मान हलत होती. कानांत बोटं तशीच. मध्ये बुवांचे खांदे थरथरत होते. ते रडत होते की हसत होते, पाठीवरून कळायला मार्ग नव्हता.

उल्हासचा राग कुठल्या कुठे गेला. का गेला, ते त्याला कळलं नाही. आजवर तो ही चाल ताना घेऊन, आवाज लावून गायचा, शहिदाच्या पोवाड्यासारखी. आज त्याने आवाज खाली आणला. पोफळीच्या बुंध्याशी वाकून पाणी सोडणारा माणूस गुणगुणेल, तेवढाच ठेवला. तिसऱ्या ओळीला, त्या बाईच्या हसण्याच्या जागी, त्याचाही श्वास मोडला. त्याने तो मोडू दिला.

गाणं संपलं. तिघांनी हात खाली घेतले, वळले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने जागेवर येऊन बसले.

प्रसाद वाटून झाला. माणसं पांगली. मिंगेलबाबांना बस गाठायची होती. जाताना त्यांनी उल्हासच्या गालावरून हात फिरवला. बुवा देवळाच्या पायरीवर बसून खोबऱ्याचा तुकडा चावत होते.

उल्हास त्यांच्या पायाशी, एक पायरी खाली बसला.

"बुवा, कानांत बोटं का घातलीत?"

"ठराव आहे."

"कसला ठराव?"

"दर रविवारी दुपारी बारा वाजता तुरुंगाचा अधिकारी ही तबकडी भोंग्यावर लावायचा. पोर्तुगालात लोक किती सुखात नाचतायत, ते आम्हांला कळावं म्हणून. मग बराकीची सभा भरली. ठरलं, गाणं लागलं की सगळ्यांनी उठायचं, भिंतीकडे तोंड करायचं आणि कानांत बोटं घालायची. शत्रूचं गाणं ऐकायचं नाही. आजवर तू ते रामनाथाचं म्हणून गायचास, आज तिचं नाव घेतलंस."

"ठराव मांडला कुणी?"

"तुझ्या बापानं."

उल्हास ताठ बसला. "मोडला का कुणी?"

"एकानंही नाही. एकदाही नाही."

"मग बाबांना चाल आली कुठून?"

बुवांनी खोबरं सावकाश गिळलं.

"चाळीस जण होतो रे आम्ही. चाळीसही जणांना आली."

उल्हासला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. बाप भिंतीकडे तोंड करून उभा आहे, कानांत बोटं आहेत आणि पायाचा अंगठा हलतोय, असा त्याला दिसला. तुरुंगात बाप नुसता मार खात होता, असंच तो इतकी वर्षं समजून चालला होता. आठवड्यातून एकदा, तीन मिनिटं का होईना, त्याला तिथे सुख मिळालं होतं. त्या अनोळखी बाईबद्दल उल्हासच्या मनात एवढी कृतज्ञता दाटून आली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"ती कुणापुढे गायची, हे ठाऊक होतं तुम्हांला?"

"होतं."

"राग नाही आला?"

"आला तर. अजून आहे."

"आणि आज ती समोर आली असती तर?"

"हात जोडून 'देव बरें करूं' म्हणत आभार मानले असते. माझ्यातर्फे एकदा. रामनाथातर्फे एकदा."



"पण बुवा, एवढं आवडत होतं, तर ठराव मागे घ्यायचा होतात. कानांत बोटं घालून उभं राहायचं कशाला?"

बुवांनी धोतराला हात पुसले.

"एका रविवारी भोंगा बिघडला. बारा वाजले, सव्वाबारा वाजले, गाणं काही लागलं नाही."

"मग?"

"मग काय रे... चाळीसही जण उठलो, भिंतीकडे तोंड केलं, कानांत बोटं घातली आणि वाट बघत उभे राहिलो."