उथळ तळ्याचं गाणं

माणसांना अजून कालवे खणायची बुद्धी झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. माळावरच्या पाच तळ्यांनी खेकड्यांकडून चर खणून घेतले आणि ठरवलं, की पाणी सगळ्यांचं एकच. ठराव एकमतानेच व्हायचे. जो सभेला येणार नाही, त्याचा होकार धरायचा.

उत्तरेच्या खोल तळ्यातल्या आबाजी बेडकाला दक्षिणेचं उथळ तळं बघवत नसे. तिथे कमळं फुलत आणि बेडूक दुपारभर पानांवर गात बसत. आबाजी बायकोला म्हणायचा, "पाणी आपलं आणि कमळं त्यांची. आपण गाळ उपसायचा, त्यांनी ताना घ्यायच्या."

"मग तुम्हीही गा की. कोणी अडवलंय?" ती म्हणायची. हे त्याला जास्तच झोंबायचं.

शेवटी त्याने दक्षिणेचा चर बुजवायचा ठराव मांडला. आपल्याला जास्त पाणी मिळेल म्हणून तीन तळ्यांनी माना डोलावल्या. दक्षिणेचे गाण्यात रमले होते, म्हणजे त्यांचाही होकारच.

उन्हाळ्यात उथळ तळं आटलं. आबाजी समाधानाने तिकडे बघत होता, तोच बुजवलेल्या चरावरून तिथले सगळे बेडूक पिल्लं पाठीवर घेऊन उड्या मारत आले.

"इकडे कुठे?" त्याने दरडावलं.

"पाणी सगळ्यांचं एकच ना, काका?" पुढची चंद्री बेडकी म्हणाली. "ते इकडे राहिलं, म्हणून आम्हीही इकडे आलो."

संध्याकाळी आबाजीच्याच तळ्यात गाणं रंगलं. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती, आणि तिला सगळी गाणी पाठ होती.