डोळे बांधून दोरीवर

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध शिक्षिका मुलींना दोरीवरचा मल्लखांब शिकवीत असत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण पाठ ताठ. सारे गाव त्यांना आक्का म्हणे. आढ्याला टांगलेली एक सुती दोरी आणि खाली जाड गादी, एवढ्या साहित्यावर त्यांनी चाळीस वर्षे मुली घडवल्या होत्या.

त्यांच्या शिष्यांत शाल्मली नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. बाराव्या वर्षापासून ती दोरीवर चढत होती, आणि त्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी तिची निवड होणार असे सगळेच धरून चालले होते. पण मधल्या काळात तिला मोबाइलवर व्यायामाची चित्रे पाहण्याचा नाद लागला. सपाट पोटाच्या, सडपातळ पायांच्या तरुणी. एक पाहिली की तशाच आणखी दहा हजर होत. पाहता पाहता शाल्मलीला स्वतःच्या मांड्या खटकू लागल्या. त्या जाड, बेढब आहेत असे तिच्या मनाने घेतले. ती ढगळ पायजमा घालून सराव करू लागली. घरी सांगे, मैत्रिणीकडे खाऊन आले; मैत्रिणींना सांगे, घरी जाऊन जेवेन. एके सकाळी दोरीवर असतानाच तिला भोवळ आली. खाली उभ्या असलेल्या दोघी मुलींनी झेलले म्हणून मानेवर पडता पडता ती वाचली.

आक्का रागावल्या नाहीत. जवळ बसवून त्यांनी काय बिनसले आहे ते विचारले. शाल्मलीने आधी टाळाटाळ केली, मग रडत मोबाइलच पुढे केला. आक्कांनी चष्मा लावून दहाबारा चित्रे शांतपणे पाहिली, मुली देखण्या आहेत हे मोकळेपणाने मान्य केले आणि फोन परत दिला. मग त्या तिच्या आईला भेटल्या, दोघी मिळून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही, असे ठरले. निवडचाचणी नेमकी त्याच पंधरवड्यात होती. ती हुकली.

ती सरावाला परतली त्या दिवशी आक्कांनी एक अजब गोष्ट केली. धुतलेला पंचा घेऊन तिचे डोळे घट्ट बांधले आणि म्हणाल्या, चढ. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. दोघींना आक्कांनी खाली उभे केले, फार उंच जाऊ नकोस असे बजावले, मांडीला दोरीचा वेढा घेऊन दोन्ही हात सोडायला सांगितले. शाल्मली उलटी लोंबकळू लागली. दिसत काहीच नव्हते. फक्त दोरी मांडीत रुतत होती.

"आता सांग," आक्का म्हणाल्या, "तुला कोणी धरलं आहे?"

"दोरीने."

"दोरी कोणालाच धरत नाही. ती नुसती लोंबते. नीट विचार कर."

तिने पायाच्या अंगठ्याची पकड आवळून पाहिली. मग हलकेच म्हणाली, "मांडीने, आक्का. आणि पायाच्या अंगठ्याने."

ती खाली उतरली तेव्हा आक्कांनी पंचा सोडला, तिला गादीच्या कडेला बसवले.

"पोरी, चित्रातल्या मुलींना मी नावं ठेवणार नाही. त्यांचा देह त्यांच्या कामी येत असेल. पण त्यांना पाहता पाहता तू स्वतःलाही चित्रासारखं पाहू लागलीस. चित्र बाहेरून पाहायचं असतं. देहात तर आपण राहतो. सात वर्षांत या मांड्यांनी तुला एकदाही खाली टाकलं नाही. पडलीस, ती तू त्यांना उपाशी ठेवलंस तेव्हा."

त्या दिवशी घरी गेल्यावर शाल्मलीने आईकडे आपणहून ताट मागितले. चित्रे एका दिवसात सुटली असे नाही. अधूनमधून ती पाहतच असे, आणि मन खट्टूही होई. पण तसे झाले की आता ती ते आक्कांना सांगे.

डोळे बांधून चढल्याच्या दुसऱ्याच सकाळी, सराव सुरू होण्यापूर्वी, रिवाजाप्रमाणे, मुलींनी एकेक करून दोरीला नमस्कार केला. शाल्मलीनेही केला. मग क्षणभर थांबून तिने उजवा हात खाली नेला, आपल्या दोन्ही मांड्यांना लावला आणि तोच हात कपाळाला टेकवला. आक्कांनी ते दुरून पाहिले, आणि तिच्यासाठी दोरी सारखी करून धरली.