ओवा पोटाला, लवंग दाढेला

फार पूर्वी, अंगातले अवयव एकमेकांशी बोलत तेव्हाची गोष्ट. नारोशेठ हलवायाचं हृदय पार वैतागलं होतं. साचलेल्या चरबीनं त्याच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्या होत्या आणि शेठना त्याचा पत्ताच नव्हता.

एकदा जिना चढताना हृदयानं छातीत जोराची कळ आणली. "गॅस झालाय," म्हणत शेठनी ओवा चावला.

"अरे, मी तर ठणठणीत आहे!" पोट ओशाळून म्हणालं.

"हे त्या शहाण्याला सांग!" हृदय कडाडलं. त्यानं डाव्या हाताकरवी निरोप धाडला. हात खांद्यापासून ठणकला, तर शेठनी निरगुडीचं तेल चोळून घेतलं. मग जबड्याकरवी धाडला, तर शेठनी दाढेत लवंग धरली.

"अहो, वैद्यांना दाखवा की," बायको काकुळतीला आली.

"एवढ्याशा दाढेसाठी वैद्य? लोक हसतील!"

आता मात्र हृदयाचा धीर सुटला. "दुखणं माझं आणि ओवा पोटाला, तेल हाताला, लवंग दाढेला! घाला काय घोळ घालायचा तो. यापुढे माझ्याकडून चकार शब्द निघणार नाही!"

आणि ते खरोखरच गप्प झालं. इतके दिवस कोण ओरडत होतं, ते घरात सगळ्यांना त्याच क्षणी कळलं.