नुसतं ‘ये’

हिरडेगावच्या राणीसाहेबांनी मुलींना गाणं शिकवायला सगुणाला ठेवायचं ठरवलं, आणि दरबारगवई त्र्यंबकबुवांना अन्न गोड लागेना. सगुणा पाळण्यापाशी अंगाई गायची, देवळात अभंग, फडावर लावणी आणि शिमग्याला पोवाडासुद्धा.

“सरकार, बारा गावचं पाणी प्यायलेला गळा हा! एक ना धड, भाराभर चिंध्या,” बुवा भर दरबारात म्हणाले. “मी एकच शब्द देतो. तेवढ्यावर हिने सगळे प्रकार ओळखू येतील असे गाऊन दाखवावेत. नाही जमलं तर आजच वेशीबाहेर.”

“द्या की,” सगुणा पदर सावरत म्हणाली.

“ये.”

सगुणाने आधी अंगाईतला ‘ये’ म्हटला. राणीसाहेबांच्या मांडीवरचं बाळ जांभई देऊन झोपलं. लावणीतल्या ‘ये’ला सत्तरीच्या दिवाणजींनी नकळत पगडी नीट केली. अभंगातल्या ‘ये’ला पुजाऱ्याने डोळे पुसले. पोवाड्यातला ‘ये’ ऐकून दारावरचा पहारेकरी भाला रोखून आत आला. त्याची समजूत घालून त्याला परत पाठवावं लागलं.

बुवा तेवढे ढिम्म. “आमच्या घराण्यात ‘ये’ असा उरकत नाहीत, बाई. नुसत्या आलापीलाच प्रहर लागतो.”

“म्हणूनच, बुवा,” सगुणा नम्रपणे म्हणाली, “तुमच्याकडे कुणी येत नाही.”

दिवाणजींना ठसका लागला. सरकारांनी मिशीवरून हात फिरवला आणि कुठल्याच सुरात न बसणाऱ्या आवाजात सगुणाला म्हणाले, “उद्यापासून ये.”