मेलेल्यांचे वेतन

पूर्वी विशालनगरात पुष्कर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिशेब ठेवणाऱ्या एका गणकाच्या घरी जन्मले. मोठेपणी राजाने त्यांना खर्चाच्या तपासणीवर नेमले.

एके दिवशी उत्पला नावाची विणकरीण त्यांच्याकडे आली. तिचा नवरा तिष्य सीमेवरच्या गडावर शिपाई होता. लढाईनंतर त्याचा निरोप आला नव्हता.

"सासू म्हणते, त्यानं तिकडं दुसरी ठेवली असेल," ती म्हणाली. "तसं असेल तर मी पोर घेऊन माहेरी जाते. पण खरं काय ते कळू द्या."

बोधिसत्त्वांनी वह्या पाहिल्या, तर तिष्याचे वेतन दर महिन्याला उचलले जात होते. ते स्वतः गडावर गेले, तर तिथे थोडेच शिपाई दिसले. गडाचा अधिकारी रुद्रक म्हणाला, "माणसं गस्तीला गेलीत."  बोधिसत्त्व गडावरच्या न्हाव्यापुढे जाऊन बसले.

"एवढ्या शिपायांची डोकी एकटा कशी उरकतोस, बाबा?"

"कुठली एवढी, महाराज? लढाईपासून दुपारीच मोकळा होतो मी. बाकीची ओढ्यापलीकडं पुरलीत. पुरलेल्यांचे केस कोण कापतं?"

"हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

बोधिसत्त्व ओढ्यापलीकडे गेले. माती खचली होती, वर गवत वाढले होते. मागोमाग रुद्रक आला.

"अर्धं वेतन तुमचं," तो म्हणाला.

"नको."

"मग दया म्हणून तरी गप्प राहा. यादीत आहेत तोवर घरी ती जिवंत आहेत. तुम्ही बोललात की गावोगावी बायका विधवा होतील."

 बोधिसत्त्व म्हणाले, "विधवा त्या केव्हाच झाल्या. तू त्यांचं रडणंही चोरलंस."

राजाने रुद्रकाला बेड्या घातल्या आणि चोरलेले वेतन त्या त्या घरी देवविले. मरणाचा निरोप मात्र बोधिसत्त्वांनी दुसऱ्यावर सोपवला नाही. ते दारोदार गेले. कुणी त्यांना शाप दिले, एका म्हाताऱ्याने काठी उगारली. त्यांनी ते सोसले.

शेवटी उत्पलेचे घर आले. ऐकून तिचा माग थांबला.

"मी त्याला रोज शिव्या देत होते हो," ती म्हणाली.

सासूने भिंतीकडे तोंड फिरवले. बोधिसत्त्व उंबऱ्याशी बसून राहिले. दिवेलागण झाली, तरी त्या घरात दिवा लावायला कुणी उठले नाही.

एवढे सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो रुद्रक म्हणजे आज संघात फूट पाडू पाहणारा. तो न्हावी आजही तुमचे मुंडण करतो. ती उत्पला म्हणजे मागे, दाराशी बसलेली ही भिक्षुणी. तो गणक मीच होतो. खरे शोधून काढावे, आणि ज्याला ते सोसायचे आहे त्याच्याजवळ बसावे. हीच सत्यपारमिता, सत्याची पूर्णता."