कुंचीवरची खूण

एका गावात नदीच्या घाटावर गोजरा नावाची परटीण कपडे धूत असे. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांचे कपडे तिच्याकडेच यायचे. कुणाचं कापड कुणाकडे जाऊ नये म्हणून ती प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसाने घराची खूण करी. ती खूण कापड फाटेपर्यंत जात नाही.

त्या वर्षी दोन्ही काठांच्या राजांचं बिनसलं. लढायला मात्र कुणी जाईना. पेरण्या तोंडावर आल्या होत्या. मग एका भर दुपारी घाटावर एक दवंडीवाला आला. उन्हातान्हातून चालत आला, तरी त्याच्या पायांना धूळ नव्हती. त्याने हलगी वाजवली नाही. झोळीतून तान्ह्या बाळाची एक कुंची काढली आणि उंच धरली. ती लाल भिजलेली होती.

“पलीकडच्यांनी पाळण्यातलं लेकरू मारलं,” तो हळूच म्हणाला.

मग प्रत्येक आईला त्या रिकाम्या कुंचीतून रडणं ऐकू आलं, आणि तेही आपल्याच मुलाच्या आवाजात. बाया ऊर बडवू लागल्या. पुरुषांनी कोयते उचलले. गोजराही ढसाढसा रडली. परटिणीने कापड पाहावं आणि त्याची खूण पाहू नये, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. तिचा एकुलता एक मुलगा म्हाळू भाला घेऊन आला, तेव्हा तिने त्याला अडवलं नाही, उलट ओवाळलं.

तिसऱ्या दिवशी माणसं निघायला रांगेत उभी राहिली. दवंडीवाल्याने पुन्हा कुंची उंच धरली. पुन्हा तेच रडणं. पण गोजराचे डोळे आता रडून रडून कोरडे पडले होते, त्यामुळे तिला नीट दिसलं. कुंची अजून लालभडक होती. रक्ताचे डाग तिने जन्मभर धुतले होते. रक्त दुसऱ्या दिवशी काळपट पडतं.

“लेकराचं नाव काय वो, दादा?” तिने विचारलं.

“नाव कशाला हवं? तुमच्याच लेकरासारखं होतं.”

गोजराने कुंची त्याच्या हातातून ओढली आणि नदीत बुचकळली. लाल रंग भराभर सुटला. कोपऱ्यात खूण दिसली: तीन ठिपके, खाली आडवी रेघ. ती तिच्या स्वतःच्याच घराची खूण होती. नातवंडासाठी जपून ठेवलेली, गेल्या साली दोरीवरून नाहीशी झालेली, म्हाळूची तान्हेपणीची कुंची.

“ज्याला मारलं म्हणता, त्यो तर हितं भाला घिऊन उभा हाय,” ती म्हणाली. “मरायला आत्ता निघालाय.”

रडणं तिथल्या तिथे थांबलं. म्हाळूने भाला खाली ठेवला. मग इतरांनीही ठेवले. लाजेने कुणी कुणाकडे पाहीना.

दवंडीवाला रागावला नाही. त्याने झोळीत हात घालून दुसरी एक कुंची चाचपली आणि तो पलीकडे जाणाऱ्या नावेत बसला. तो कोणत्या राजाचा, हे कुणी विचारलंच नव्हतं. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावरून बायांचं रडणं ऐकू येऊ लागलं.

गोजराने म्हाळूची कुंची पिळून खांद्यावर टाकली आणि पुढची नाव धरली. तिकडच्या घरांच्या खुणाही तिलाच ठाऊक होत्या.

तात्पर्य: जो आपल्या डोळ्यांत पाणी आणून हातात शस्त्र देतो, त्याला आधी नावगाव विचारावं, आपलं रडू खरं असलं म्हणून त्याची गोष्ट खरी ठरत नाही.